सव्वा मूठ

रूपाला पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने धुळ्याला आईसाठी केर काढणारा रोबो पाठवला. थाळीएवढा, काळा, गोल. पोटाखाली ब्रश, डोक्यावर गरगर फिरणारा डोळा. तो डोळा भिंती मोजतो, घराचा नकाशा काढतो, पुढचा कॅमेरा वाटेतल्या वस्तू ओळखतो आणि हे सगळं मोबाइलवर चक्क मराठीत कळवतो, अशी त्याची ख्याती. रूपाच्या आजीने, भिकुबाईंनी, तो पहिल्यांदा खाटेखालून बाहेर येताना पाहिला आणि दोन्ही पाय वर घेतले.

"माय वं! हाई कासव कोनी सोडं घरमा?"

तेव्हापासून त्याचं नाव कासव पडलं ते पडलंच.

देवपुरातलं हे घर रूपाच्या आईच्या, कामिनीच्या, हातचं होतं. ती आग्रा रोडवरच्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत घरांचे नकाशे काढायची. सासऱ्यांचं जुनं पत्र्याचं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं ठरलं, तेव्हा तिने एकेक खिडकी नवऱ्याशी भांडून आपल्याला हवी तिथे ठेवली होती. "लोकांच्या बायका दागिन्यांसाठी रुसतात, आमची भिंतीसाठी," असं दीपक पाहुण्यांना सांगायचा. त्यात कौतुक होतं आणि थोडी तक्रारही होती. कामिनीने एखादी गोष्ट धरली की ती सोडत नाही, हे सासरी सगळ्यांना पहिल्या वर्षातच कळून चुकलं होतं.

त्यामुळे कासवाने काढलेला नकाशा तिने मास्तराने पोराचा पेपर हातात घ्यावा तसा उघडला. बैठक बरोबर. दोन झोपायच्या खोल्या बरोबर. स्वयंपाकघराचा ओटा, कोपरा, मोरी, सगळं जागच्या जागी. आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपलीकडे आणखी एक खोली.

खोली लहान नव्हती. तिच्यात जायला भिंतीच्या मधोमध दार दाखवलं होतं, आणि खोलीवर नाव होतं : जेवणघर.

कामिनी स्वयंपाकघरात जाऊन त्या भिंतीसमोर उभी राहिली. भिंतीला पांढऱ्या टाइल्स, टाइल्सवर मिसळणाचा डबा ठेवायची फळी. पलीकडे शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत हातभर बोळ होता, आणि त्यात पारव्यांची पिसं. खोली तर सोडाच, तिथे माणूस आडवा शिरणंही मुश्कील.

तिने मोबाइलवर कासवाच्या सहायकाला विचारलं. हा सहायक म्हणजे माणूस नव्हे. विचाराल त्याला लगेच उत्तर देणारं तेही यंत्रच. त्याने सांगितलं की आरसा किंवा चकचकीत पृष्ठभाग असेल तर नकाशात खोटी खोली उमटू शकते. कामिनीला हे पटलं. तिने फ्रिजवर चादर टाकली, स्टीलची पिंपं बाहेर काढली, टाइल्सवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली, नकाशा पुसला आणि कासवाला पुन्हा सोडलं.

जेवणघर पुन्हा उमटलं. या वेळी त्यात वस्तूंची चित्रंही होती. कासव ओळखतं त्या वस्तू : ताट. पाट. पाट. पाट.

"खोलीचं नाव मी दिलेलं नाही. तू कसं दिलंस?" तिने लिहिलं.

"पाट, ताट आणि बसलेली माणसं दिसली की मी त्या खोलीला जेवणघर म्हणतो," सहायकाने उत्तर दिलं. "नाव बदलायचं आहे का?"

दीपकने हे वाचलं आणि हसून मोबाइल परत दिला. "स्वस्तातलं घेतलं असेल पोरीने. परत पाठवून दे."

"परत कशाला? चूक कुठे आहे ते तर कळू दे."

"कळून काय करशील?"

"झोप लागेल मला," कामिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. तिने स्वयंपाकघरातल्या फरशीवर, मागच्या भिंतीला लागून, रांगोळीचा पातळ थर पसरला. कासवाला सोडलं आणि स्वतः बैठकीत जाऊन बसली. समोर माणूस असलं की ते अडखळतं, असं तिने पाहिलं होतं. आतून ब्रशचा आवाज येत होता. मग तो आवाज दूर गेला. घरात जितकं दूर जाता येईल त्याच्याही पलीकडे गेला, विहिरीत उतरल्यासारखा बारीक झाला, आणि काही वेळाने परत जवळ आला.

रांगोळीत दोन चाकांच्या रेघा होत्या. त्या सरळ भिंतीपर्यंत गेल्या होत्या आणि वळल्या नव्हत्या. भिंत जणू नंतर कोणी आणून त्यांच्यावर ठेवली होती. शेजारून दुसऱ्या दोन रेघा भिंतीतून बाहेर आल्या होत्या.

कामिनीने गुडघे टेकून भिंतीवर तळवा ठेवला. श्रावण लागला होता, हवेत ओल होती, पण भिंत तव्याजवळच्या भिंतीसारखी कोमट लागली. तिला भीती वाटली. खरोखर वाटली. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. हे घर तिने आखलं होतं, आणि या घरात तिला ठाऊक नसलेली जागा असावी, हे तिला सहनच होईना.

तिने कासव उलटं करून त्याचा कचऱ्याचा डबा काढला. रोज त्यात केस, धूळ, कडीपत्त्याची वाळकी पानं असायची. आज वर रांगोळी होती, आणि रांगोळीखाली जाडसर, तांबूस चुरा. तिने तो कागदावर ओतला. बिस्किटाचा नव्हता. भाकरीचाही नव्हता. त्याला तुपाचा वास येत होता, ताज्या तुपाचा.

भिकुबाई काठी टेकत पाणी प्यायला आल्या होत्या. त्या वाकल्या. चिमूटभर चुरा त्यांनी नाकाशी नेला आणि जागीच खाली बसल्या.

"हाऊ रोट शे," त्या म्हणाल्या. "कानबाईना रोट."

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी करायची, तिला नथ घालायची, चौरंगावर मांडायची, आणि गहू न् हरभऱ्याची डाळ दळून तिच्यासाठी रोट करायचे. या घराण्याची रीत अशी की घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी गहू मोजायचे, आणि त्याचे रोट घरातल्यांनीच संपवायचे. कण बाहेर जाता कामा नये. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात. कामिनीला हे सगळं माहेरी पाहून माहीत होतं. सासरी मात्र तिने कानबाई बसलेली कधीच पाहिली नव्हती. लग्नानंतर तिने एकदा विचारलं, तेव्हा सासूबाई उठून आत गेल्या होत्या.

या घरात रोट होऊन पाव शतक लोटलं होतं. कागदावरचा चुरा हाताला अजून मऊ लागत होता.

"आई," कामिनी त्यांच्यासमोर बसली. "आज मला सांगा. कानबाई का बंद केली?"

भिकुबाई बोलल्या ते काठीशीच बोलल्यासारखं.

"नूतन गयी त्या दिन."

नूतन म्हणजे दीपकची धाकटी बहीण. ती कॉलेजात असताना नाहीशी झाली, एवढंच कामिनीला माहीत होतं. तिचा एक फोटो कपाटात, साड्यांच्या खाली होता. कोणी म्हणे पळून गेली, कोणी म्हणे पांझरेच्या पुरात गेली. घरात तिचं नाव निघायचं नाही.

"जेवाले बसनूत बठ्ठा, सगळं घर," भिकुबाई सांगू लागल्या. "तव्हय पत्रानं जेवणघर व्हतं, हाई भीत शे ना, तिना मांगे; ती जागा मंग त्याच साले शेजारीले इकी टाकी. मी रोट वाढात. रोट पुरनात, उरनात नही. हिशोब बरोबर लागना, म्हनीसन मी समजनू बठ्ठा जेवनात. संध्याकाये देखं, नूतन नही. कव्हय उठनी, बसनी व्हती का नही, कोनलेच सांगता ये ना." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "तिनी मूठ मोजेलच नव्हती ना, पोरी. बाईमानूसनी मूठ कोन मोजस? मोजमा नव्हती, म्हनीसन कमी भी पडनी नही."

तिने सासूचा हात हातात घेतला. आई असून आपल्याला पोरीची उणीव रोटांच्या हिशोबात दिसली नाही, हे या बाईने पंचवीस वर्षं एकटीने उरात धरलं होतं. आणि लोक म्हणायचे, भिकुबाई तऱ्हेवाईक आहे.

कासव चार्जिंगला लागलं होतं. तेवढ्यात कामिनीचा मोबाइल वाजला. जेवणघरात एक वस्तू ओळखता आली नाही, असा निरोप होता, आणि खाली कॅमेऱ्याने टिपलेला फोटो. "हे काय आहे? कृपया सांगा."

फोटो जमिनीलगत घेतलेला होता. शहाबादी फरशी, पाटाची कड, आणि मांडी घालून बसलेल्या कोणाची तरी पावलं. पावलात चांदीचे पैंजण. एका पैंजणाची कडी तुटलेली होती आणि ती लाल दोऱ्याने बांधली होती.

भिकुबाईंनी फोटो पाहिला. त्या रडल्या नाहीत. त्यांनी बोटाने तो दोरा चाचपला, काचेवरून.

"हाऊ दोरा मी बांधा व्हता," त्या म्हणाल्या. "त्याच दिन, सकायले." आणि मग, कामिनीकडे बघून : "ती अजून बशेल शे. तिले कोनी ऊठ म्हनं नही."

संध्याकाळी दीपक आला. त्याने फोटो पाहिला, चुरा पाहिला, रांगोळीतल्या रेघा पाहिल्या आणि बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "भिंत फोडू."

"फोडून बोळ दिसेल. पारव्यांची पिसं दिसतील," कामिनी म्हणाली. "भिंतीचं काम नाही हे. या रविवारी आपण कानबाई बसवतोय. नूतनची मूठ मोजायची."

"बायकांची मूठ मोजतात का कधी? भाऊबंद काय म्हणतील?"

"मोजली नाही म्हणून तर एवढं झालं. भाऊबंद येऊन काढणार आहेत का तिला तिथून?"

"आणि काही झालं तर?"

"न करताही होतंच आहे की." तिचा आवाज चढला नव्हता; तो चढला नाही की वाद घालून उपयोग नसतो, हे दीपकला माहीत होतं. "आई थकल्यात. त्यांना लेकीला हाक मारायचीय. मी ती मारू देणार."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की हरल्याची, कोण जाणे.

आठवडाभर कामिनी कामाला लागली. सुट्टी टाकली. गहू निवडले, डाळ भाजली, नथ उजळून आणली. रूपाला फोन करून बोलावून घेतलं. पोरगी शनिवारी पुण्याच्या बसने उतरली आणि आल्याबरोबर कासवाला थोपटून "काय रे, मम्मीला त्रास देतोस म्हणे," म्हणाली. सगळं ऐकल्यावर मात्र तिने बॅगही न उघडता ते हातात घेतलं. तिने स्वतः कासवाचं सगळं तपासलं, ते दीपकच्याही मोबाइलला जोडून पाहिलं. यंत्रात बिघाड नव्हता. "ते जे बघतंय तेच सांगतंय, मम्मी," ती म्हणाली.

रविवारी सकाळी देवीची मांडणी झाली. केळीच्या खांबांमध्ये चौरंग, चौरंगावर नथ घातलेला नारळ. भिकुबाईंना आता मूठ नीट वळत नव्हती, म्हणून गहू मोजायचं काम त्यांनी कामिनीकडे दिलं. कामिनीने समोर परात ओढली.

"पयले घरधनी," सासूबाई म्हणाल्या.

कामिनीने एक मूठ भरून परातीत सोडली, वर पाव मूठ. "हे दीपकचे."

दीपक दारात उभा होता. त्याने पाहिलं आणि नजर वळवली.

"हे नूतनचे," कामिनी म्हणाली. या वेळी मूठ जरा जास्तच भरली. भिकुबाईंनी पदर तोंडाला लावला. मागच्या भिंतीकडे कोणीच बघितलं नाही, पण सगळ्यांचे कान तिकडेच होते.

"आता थांबायचं नाही," कामिनी म्हणाली. तिला एकदम जोर चढला होता. "या घरात आता कोणी मोजायचं राहणार नाही. हे आईंचे." मूठ, पाव मूठ. "हे रूपाचे." मूठ, पाव मूठ. "झाले?"

भिकुबाईंनी परातीत पाहिलं. चेहरा असा मोकळा झाला होता की कामिनीला त्यांचं तरुणपण दिसलं.

"झायात, माय. बठ्ठा उनात."

रोट झाले. खीर झाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली, पुरण झालं. दुपारी देवीला नैवेद्य दाखवला आणि स्वयंपाकघरात, मागच्या भिंतीसमोर, पाट मांडले. कामिनीने ताटं घेतली : दीपक, सासूबाई, रूपा, आपलं. आणि भिंतीला अगदी लागून एक, नूतनचं. तिने सगळ्या ताटांत वाढलं. ज्याच्या त्याच्या मुठीचे रोट ज्याच्या त्याच्या ताटात.

शेवटच्या ताटाला रोट पुरले नाहीत. दळताना सांडले असतील, असं तिला वाटलं. ते तिचं स्वतःचं ताट होतं, म्हणून तिने फारसं मनावर घेतलं नाही. आयुष्यभर हेच करत आली होती.

"आई, मारा हाक," ती म्हणाली.

भिकुबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

"नूतन," त्या म्हणाल्या. "ऊठ बेटा. तुनं ताट आठे शे."

काही झालं नाही. दीपकने श्वास सोडला. रूपाने आजीच्या पाठीवर हात ठेवला.

तूप ओट्यावरच राहिलं होतं. कामिनी ते आणायला उठली. वाटी घेतली, वळली आणि पावलाला गारवा लागला.

तिने खाली पाहिलं. शहाबादी फरशी.

पाट समोरच होते, पाच हातांवर. माणसं बसलेली होती. मधे मात्र दाराची एक चौकट होती, जी तिने कधी आखली नव्हती.

भिंतीला लागून मांडलेल्या पाटावर कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. ओल्या केसांची सैल वेणी. भिकुबाईंचा हात त्या पाठीवरून फिरत होता, आणि त्या एकसारख्या म्हणत होत्या, "खाय, माय, खाय." दीपक बहिणीच्या ताटात खीर वाढत होता. त्याचे डोळे वाहत होते. कोणीही दचकलं नव्हतं.

झालं, कामिनीच्या मनात आलं. आली ती. तिला एवढा आनंद झाला की तीही रडू लागली.

"तूप आणते," ती म्हणाली.

कोणी वर पाहिलं नाही.

"दीपक?"

दीपकने डोळे पुसले आणि शेवटच्या पाटाकडे पाहिलं. "हे एक ताट जास्त मांडलंय का?"

"मोजताना चुकलं असेल, पप्पा," रूपा म्हणाली. तिने ते ताट उचललं, त्यातली खीर पातेल्यात परत ओतली, आणि पाट भिंतीशी उभा केला.

कामिनीच्या हातातली वाटी एकदम जड झाली. तिने परात आठवली. दीपक. नूतन. आई. रूपा. तिने पुन्हा आठवली, पुन्हा, आणि प्रत्येक वेळी तेवढीच नावं निघाली.

ती चौकटीकडे चालू लागली. चालत राहिली. चौकट पाच हातांवरच होती.

"रूपा!" ती ओरडली. "एक मूठ राहिली! रूपा, माझी राहिली!"

रूपा आजीला हसत काहीतरी सांगत होती.

मग ब्रशचा आवाज आला. कासव चार्जिंगवरून निघालं होतं; जेवणं चालू असताना निघायची त्याची वेळ नव्हती. ते पाटांना वळसा घालून आलं, चौकट ओलांडून सरळ आत आलं. कामिनीच्या पावलांशी येऊन थांबलं. डोक्यावरचा डोळा तिच्याकडे बघत गरगर फिरला.

बाहेर दीपकचा मोबाइल वाजला. त्याने डाव्या हाताने तो उचलून वाचला.

"जेवणघरात एक व्यक्ती आहे," तो मोठ्याने म्हणाला. "ती उठली की सफाई सुरू करतो म्हणतंय." त्याने मोबाइल पालथा ठेवला. "परत पाठवायला हवं हे."

कासव मात्र हललं नाही. ब्रश बंद करून ते तिच्यासमोर उभं राहिलं, ती बाजूला होण्याची वाट बघत.